थोराड ती मादी
गेल्या वर्षी आठवडी बाजारातून मी सहा पिल्ले आणली. त्यांतली दोन उंच, थोराड निघाली. हे कोंबडेच, असे समजून मी ती शेजारी विकली. सौ. म्हणत होती, "नुसत्या उंचीवर जाऊ नका." ऐकले नाही. पुढे त्या दोघी तलंगा शेजाऱ्याकडे अंडी देऊ लागल्या!

मोआविषयी वाचताना हे आठवले. न्यूझीलंडमधला हा भला थोरला पक्षी. पंख नावालासुद्धा नाहीत. १८३९ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने वीतभर हाडावरून तो ओळखला. पुढे पुष्कळ हाडे मिळाली. विद्वानांनी मोठ्या हाडांची एक जात केली, लहान हाडांची दुसरी. २००३ साली हाडांतला डीएनए तपासला, तेव्हा उलगडा झाला : थोराड ती मादी, लहान तो नर! काही माद्या नराच्या दीडपट उंच, वजनाला अडीचपटीहून जास्त. आता या राक्षसी मोआच्या दोनच जाती मानतात. उत्तर बेटावरची एक, दक्षिण बेटावरची एक.

सुमारे सातशे वर्षांपूर्वी त्या बेटांवर माणसाची वस्ती झाली आणि दीड-दोनशे वर्षांत शिकारीपायी मोआ संपला. जोडी डोळ्यांपुढे चरत असती, तर पोरानेही नर-मादी सांगितली असती. माझी चूक शेजाऱ्याच्या खुराड्यात कळली. विद्वानांची कळायला दीडशेवर वर्षे गेली, कारण विचारायला एकही मोआ उरला नव्हता.