ताट उभे, चमचा आडवा

चि. भाचीस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

इंग्रजीतील ‘पुट’ या क्रियापदाला डच भाषेत ‘झेटेन’ हा एकच शब्द पुरतो आणि तो सरसकट वापरून अख्खी बालकथा दोन दिवसांत हातावेगळी केली, हे तुझ्या पत्रातील वाक्य मावशीला फार लागले. हिरव्या वहीत ‘ठेवणे, घालणे, टाकणे, लावणे’ असे चार रकाने जिने आखले होते, तिनेच असे लिहावे, याचे दुःख अधिक आहे.

‘पुट’ वस्तू कुठे गेली एवढे सांगते. ती तिथे कशी राहिली, याची जबाबदारी घेत नाही. डचला मात्र वस्तूची बैठक विचारावी लागते. बाटली बुडावर टेकते म्हणून तिला ‘झेटेन’, चमचा आडवा राहतो म्हणून त्याला ‘लेखेन’, किल्ली कुलपात शिरते म्हणून ‘स्टेकेन’, रुमाल खिशात कोंबला जातो म्हणून ‘स्टॉपेन’, आणि कॉफीत साखर घालायची असेल तर ‘दून’, ज्याचा मूळ अर्थ नुसता ‘करणे’. ताटाची गोष्ट तर मराठी डोळ्याला चकवणारी आहे, कारण आपल्याला सपाट दिसणाऱ्या ताटालाही बूड असते हे डच भाषा विसरत नाही, आणि म्हणून तिथे ताट टेबलावर ‘स्तान’, म्हणजे उभे, असते, तर शेजारचा चमचा ‘लिखेन’, म्हणजे पडलेला, असतो. पुस्तक फळीवर रांगेत लावले तर ‘झेटेन’, पलंगावर ठेवले तर ‘लेखेन’. तेव्हा तुझ्या कथेतील मुलीने पलंगावर पुस्तक ‘झेटेन’ केले, तर डच मुलाला ते गादीवर ताठ उभे दिसेल. एवढे तरी पाहायला हवे होते!

‘झेटेन’ हे ‘झिटेन’, म्हणजे ‘बसणे’, याचे प्रयोजक रूप आहे; दुसऱ्याकडून क्रिया घडवणारे रूप, जसे मराठीत बसणे-बसवणे. तरीही बसवलेली बाटली पुढे उभीच असते, हे त्या भाषेचे वैशिष्ट्य नियमाने नव्हे, सवयीनेच अंगवळणी पडते. डचमध्ये कॉफी करणे म्हणजे ती ‘झेटेन’ करणे, आणि आपल्या घरी चहा ‘टाकतात’, भात ‘लावतात’, कुंकूही ‘लावतात’. ज्या भाषेने हे शिकवले तिच्या लेकीला परक्या भाषेतील असा भेद जड जाऊ नये. शब्द शोधण्याआधी वस्तू डोळ्यांसमोर आणावी, हा मावशीचा जुना हट्ट आहे आणि तो सुटणार नाही. डच भाषेचा जो महाकोश 1864 पासून 1998 पर्यंत खंडाखंडाने प्रसिद्ध होत राहिला, त्याचे काम तू राहतेस त्याच लायडन शहरात चालले. त्या गावात राहून दोन दिवसांची घाई शोभत नाही.

परंतु ही घाई नुसती भाषांतराची आहे की रात्रीची झोप, जेवण, सगळेच असे उरकले जात आहे, ही शंका पत्र वाचल्यापासून मन पोखरते आहे, कारण तीन पानांत खाण्याचा उल्लेख एकदाही नाही. पुढच्या पत्रात कथा पाठवू नये. खोलीतील टेबलावर काय उभे आहे आणि काय पडले आहे, हे दोन्ही क्रियापदांसह डचमध्ये लिहावे, आणि त्या यादीत उष्टे का होईना, एक ताट असावे.

मावशीचे आशीर्वाद.