स्कॉटलंडची पागा

गेल्या आश्विनात दिवाळीच्या साफसफाईसाठी माळा उतरविला, तेव्हा पितळेच्या जुन्या हंड्यांमागून एक पत्र्याचा डबा निघाला आणि डब्यातून आमची निळी मोटार निघाली. आमचे धाकटे काका शस्त्रवैद्यकीच्या परीक्षेसाठी एडिंबरा येथे जाऊन राहिले होते. परतताना त्यांनी घरातील मोठ्यांसाठी लोकरीची वस्त्रे व आमच्यासाठी हे खेळणे आणले. तेव्हा आमचे वय सहा वर्षांचे असावे. ओतीव धातूची ती लांबलचक गाडी म्हणजे मोटारी वाहून नेणारी मोटार होती. तिच्या पाठीचे दार खाली पडून त्याचा उतार होई व त्यावरून लहान मोटारी वर चढत. ते दार आम्हीच पहिल्या महिन्यात मोडले. गाडीच्या अंगावर जी अक्षरे होती ती काकांनी वाचून दाखविली, ‘एक्यूरी एकॉस’. संघ स्कॉटलंडातील, पण शब्द फ्रेंच. एक्यूरी म्हणजे घोड्यांची पागा आणि एकॉस म्हणजे स्कॉटलंड. पुढे आम्ही चौतीस वर्षे मुलांना व्युत्पत्ती शिकविली, परंतु ज्या नावाची फोड आम्हांस प्रथम कळली ते हे होय.

हे खेळणे इतक्या वर्षांनी हाती आल्यावर त्याविषयी कोणास विचारावे, हा प्रश्न पडला. म्हणजे खरे पाहता प्रश्न नव्हताच. आमच्या घरात मोटारींविषयी जाणणारा एकच मनुष्य आहे, आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा. आणि त्याच्याशी आमचे बोलणे बेताचेच होते. त्याने अभियांत्रिकीचे शिक्षण दुसऱ्या वर्षीच सोडून एसटी स्थानकामागे मोटारदुरुस्तीचे दुकान काढले, त्यास आता बारा वर्षे झाली. या घराण्यात कोणी हातात पाना धरला नव्हता. आम्ही त्यास दोन शब्द सांगावयास गेलो, त्या दोहोंचे दोनशे झाले. तेही विसरले गेले असते. पण एका रात्री पंक्तीस तो शेजारी बसला असता, ‘हा डिझेलचा वास पानावर नको’ असे आम्ही बोलून गेलो. त्याने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून तो सर्वांचे झाल्यावर एकटाच जेवू लागला. दुकान फार वेळ उघडे ठेवावे लागते, असे कारण घरात रूढ झाले आणि आम्हीही ते सोयीस्करपणे मान्य केले.

खेळणे पाहताच त्याच्या मुद्रेवर जे उमटले ते आम्ही पूर्वी पाहिले नव्हते. ‘अण्णा, हे आपल्या घरात होते?’ एवढेच तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या खोलीतील इंग्रजी पुस्तके आमच्या मेजावर आणून ठेवली. कोश जवळ घेऊन आम्ही ती दोन महिने वाचली. त्यातून कळले ते वाचकांपुढे मांडीत आहोत.

या पागेचा धनी डेव्हिड मरे हा एडिंबरा येथील सनदी हिशेबनीस होता. तो मद्याचाही व्यापार करी. आमच्या वाचक भगिनींनी येथे नाक मुरडू नये, त्या देशी तो किराण्यासारखाच धंदा आहे. मरे स्वतः शर्यतीत मोटार चालवून चुकला होता. १९५१ च्या अखेरीस त्याने संघ उभारला आणि १९५२ पासून तो शर्यतींत उतरू लागला. त्याचा जोडीदार विल्की विल्किन्सन हा इंग्रज मिस्त्री; युद्धापूर्वीपासून शर्यतीच्या मोटारी जुळविण्यात त्याचा हात बसलेला. एक जमाखर्च पाहणारा आणि एक इंजिन पाहणारा, अशी ही जोडी. त्यांचे दुकान मर्चिस्टन म्यूज नावाच्या बोळात होते. ‘म्यूज’ म्हणजे मोठ्या घरांच्या पाठीमागील तबेल्यांची आळी. तेव्हा नाव पागेचे आणि जागाही तबेल्यांची, हा योग आमच्यासारख्या शब्दांच्या भोक्त्यास सुखवून गेला.

आरंभी तर संघाच्या स्वतःच्या मोटारीही नव्हत्या. तिघा तरुणांनी आपापल्या जॅग्वार मोटारी आणल्या. मरे-विल्किन्सनांनी त्या सज्ज करावयाच्या आणि मालकांनी चालवावयाच्या. सर्वांस एकच रंग दिला, स्कॉटलंडच्या ध्वजाचा निळा. पुढे जॅग्वार कारखाना आपल्या शर्यतीच्या मोटारी वर्षभर वापरून नव्या बांधू लागला की जुन्यांपैकी काही या संघास मिळत. १९५४ साली त्यांच्याकडे आलेल्या तीन मोटारी अशाच कारखान्याच्या वापरून झालेल्या होत्या. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस हा प्रकार समजावून सांगावयास नको. थोरल्याचे सदरे धाकट्याने घालावयाचे, फक्त बटणे पुन्हा घट्ट शिवून.

आता ज्या शर्यतीने यांचे नाव झाले तिच्याविषयी. फ्रान्समध्ये ल मां नावाचे नगर आहे. तेथे शनिवारी दुपारी चार वाजल्यापासून रविवारी दुपारी चार वाजेपर्यंत मोटारी अखंड धावतात. वाट बहुतेक नित्याच्या रहदारीच्या रस्त्यांचीच, एक फेरी सुमारे साडेतेरा किलोमीटरांची. एका मोटारीस त्या काळी दोन सारथी असत व ते आळीपाळीने बसत. मोटारीस मात्र विसावा नाही. १९५५ च्या ११ जून रोजी येथे एक मोटार उडून प्रेक्षकांत पडली आणि ८० हून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यानंतर रस्त्याची व मोटारी थांबण्याच्या जागेची फेरबांधणी झाली. म्हणून १९५६ ची शर्यत नेहमीच्या जूनऐवजी २८ जुलै रोजी सुरू झाली. इंधनावरही निर्बंध आला. एकदा पेट्रोल भरले की ३४ फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत पुन्हा भरावयाचे नाही. हिशेबनिसाच्या संघास हा नियम मानवला असावा, असे आम्हांस वाटते.

कारखान्याने तीन नव्या जॅग्वार आणल्या होत्या. स्कॉटलंडच्या पागेने एकच आणली, तीही वर्षभर ठिकठिकाणच्या शर्यतींत राबलेली. सारथी दोघेही स्कॉटलंडचे, रॉन फ्लॉकहार्ट आणि ग्लासगो येथील मोटारविक्रेता निनियन सँडरसन. पाऊस पडलेला होता. दुसऱ्याच फेरीस कारखान्याची एक मोटार नागमोडी वळणावर घसरली, तिला चुकविताना दुसरीही निकामी झाली. तिसरीच्या पेट्रोलच्या नळीस बारीक चीर गेली. ती सापडेपर्यंत इतका काळ गेला की मोठ्या वेगाची ती मोटार अखेर सहावी आली. बारीक चीर! आमच्या पुतण्याने येथे पेन्सिलीने खूण केलेली आम्ही पाहिली.

मग उरली ती निळी मोटार, आणि तिच्यासमोर स्टर्लिंग मॉस व पीटर कॉलिन्स यांची अ‍ॅस्टन मार्टिन. मॉस म्हणजे त्या काळचा अर्जुनच म्हणावा. रात्रभर व दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत या दोन मोटारींत झुंज चालली. रविवारी चार वाजले तेव्हा फ्लॉकहार्ट-सँडरसन यांच्या ३०० फेऱ्या झाल्या होत्या आणि दुसऱ्या मोटारीच्या २९९. सुमारे ४,०३४ किलोमीटर धावून अंतर पडले ते एका फेरीचे. एडिंबऱ्यातील एका बोळात सज्ज केलेल्या मोटारीने जगातील मोठमोठ्या कारखान्यांस मागे टाकले होते.

हे वाचून आम्ही पुतण्यास म्हटले, ‘यात दैवाचा भाग फार आहे. थोरले तिघे पडले नसते तर यांना कोण विचारीत होते?’ चौतीस वर्षे फळ्यासमोर उभा राहिलेला मनुष्य अशा वेळी निर्णय देतो, मत देत नाही. तो दारात उभा होता. म्हणाला, ‘अण्णा, त्यांच्यातला एक नळीने अडला. नळी तर यांच्याही मोटारीत होती.’ आणि दुकान उघडावयास निघून गेला.

आम्ही त्या वाक्याशी बराच वेळ बसून होतो. शर्यतीच्या मोटारीचा प्रत्येक नट काढून, पुसून, पाहून पुन्हा बसवावा लागतो; काहींस वर तार गुंफावी लागते, म्हणजे हादऱ्याने तो फिरत नाही. चोवीस तासांत एकही सैल होता कामा नये. शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना आम्ही एक अनुस्वार सोडीत नसू, आणि त्याचा आम्हांस केवढा अभिमान असे!

दुसऱ्या वर्षी तर दैवाची सबबही उरली नाही. जॅग्वार कारखान्याने १९५६ च्या अखेरीस स्वतः शर्यतीत उतरणे थांबविले होते आणि १९५७ च्या फेब्रुवारीत त्याच्या कॉव्हेंट्री येथील इमारतींस मोठी आग लागली. तेव्हा जॅग्वारचे नाव राखण्याचे काम बाहेरच्या लहान संघांवर आले. जूनमध्ये ल मां येथे पागेच्या दोन मोटारी उतरल्या. फ्लॉकहार्ट आणि आयव्हर ब्यूब यांची पहिली आली, ३२७ फेऱ्या पुऱ्या करून. सँडरसन आणि जॉन लॉरेन्स यांची दुसरी. पहिल्या चारही जागा जॅग्वार मोटारींच्या होत्या आणि त्या चालविणाऱ्यांत कारखान्याचा स्वतःचा संघ नव्हता.

आणि लगेच पुढच्याच आठवड्यात इटलीत मोंझा येथे पाचशे मैलांची शर्यत होती. तेथे अमेरिकेचे बलाढ्य एकासनी रथ आलेले. तिरप्या उंच भिंतींसारख्या त्या रस्त्यावर टायर टिकणार नाहीत, म्हणून युरोपातील नामांकित सारथ्यांनी बहिष्कार घातला. स्कॉटलंडवाले मात्र ल मांच्या धुळीसह तीन मोटारी घेऊन गेले. त्यांच्या मोटारींस गिअर अधिक, म्हणून प्रारंभीच जॅक फेअरमन याची जॅग्वार सर्वांच्या पुढे निघाली आणि पहिली फेरी त्याने आघाडीवर पुरी केली! पुढे अमेरिकनांनी गाठलेच. परंतु त्यांच्या मोटारी एकामागून एक मोडत गेल्या आणि या तिन्ही चौथ्या, पाचव्या व सहाव्या आल्या. हा प्रसंग आम्ही पुतण्याच्या आठ वर्षांच्या मुलीस सांगितला. तिने तो तीन वेळा सांगावयास लावला.

पुढची हकीकत उतरणीची आहे. १९५८ पासून नियम बदलले, इंजिन तीन लिटरांपेक्षा मोठे चालेना. लहान केलेल्या इंजिनांचे पिस्टन टिकेनात. त्या वर्षी ल मां येथे पागेच्या दोन्ही मोटारी आरंभीच थांबल्या. पुढील चार वर्षांतही तेथे यश आले नाही. पैशाची ओढ तर सदाचीच. हितचिंतकांनी मंडळ काढून वर्गण्या जमविल्या. आमच्या खेळण्यातील ती मोठी वाहक मोटार याच काळातली. फॉलकर्क गावच्या, बसगाड्या बांधणाऱ्या कारखान्याने ती बांधली. वरच्या मजल्यावर दोन मोटारी, खाली एक आणि तिच्यालगत लहानसे दुरुस्तीघर. गंमत अशी की, ती बांधून झाली तेव्हा वैभवाचे दिवस सरले होते. जगभरच्या मुलांनी तिला ओळखले ते खेळण्यामुळे. पागेत १९६३ च्या सुमारास जॅकी स्टुअर्ट नावाचा एक तरुण शिकून गेला व पुढे १९६९, १९७१ आणि १९७३ साली जगज्जेता झाला, एवढे मात्र सांगितले पाहिजे.

ब्यूब १९५९ साली शर्यतीतील अपघाताने गेला. फ्लॉकहार्ट १९६२ साली ऑस्ट्रेलियात विमान चालवीत असता कोसळून मृत्यू पावला. मरे १९७३ साली, मायदेशापासून दूर कॅनरी बेटांवर निवर्तला. संघाचे काम त्यापूर्वीच थांबले होते. १९८० नंतर दुसऱ्यांनी ते नाव पुन्हा उचलले आणि १९८६ साली दुय्यम वर्गात संघाचे जागतिक विजेतेपदही मिळविले. पण ती निराळी पिढी. आणि ज्या जुन्या मोटारीने १९५६ साली जय मिळविला, ती २०१६ साली अमेरिकेत लिलावात दोन कोटी डॉलरांहून अधिक किमतीस विकली गेली. हा आकडा वाचून आमच्या घरच्या मंडळींनी विचारले, ‘मग त्या मिस्त्र्याला काय मिळाले?’ आम्ही पुस्तक चाळून पाहिले. उत्तर सापडले नाही.

मार्गशीर्षातील एका संध्याकाळी आम्ही खेळणे पिशवीत घालून स्थानकामागे गेलो. बारा वर्षांत प्रथमच. दुकान अपेक्षेहून स्वच्छ होते. पाने मापाच्या क्रमाने भिंतीवर टांगलेले होते आणि प्रत्येकाच्या मागे त्याची आकृती रंगविलेली, म्हणजे कोणता जागेवर नाही ते दुरूनच कळावे. पुतण्या एका जीपगाडीखाली आडवा होता. आमचे जोडे ओळखून तो बाहेर येऊ लागला. आम्ही नको म्हटले. त्याचा हाताखालचा मुलगा चहा आणावयास गेला होता, म्हणून दिवा धरावयास कोणी नव्हते. तो आम्ही धरला. ‘थोडा डावीकडे, अण्णा’, असे तो मधूनमधून खालून सांगे, आणि आम्ही दिवा डावीकडे नेत असू. सुमारे पाऊण तास लागला.

मग त्याने सायकलीच्या आऱ्याचा तुकडा कापून खेळण्याच्या दारास नवी खीळ बसविली. दार खाली पडले, वर गेले. आमच्या हातास वंगण लागले होते. डिझेलने धुऊन, साबण लावूनही वास राहिला.

त्या रात्री आम्ही पहिल्या पंक्तीस बसलो नाही. घरच्या मंडळींनी दोन पाने शेजारी शेजारी मांडली आणि वाढताना आमच्या हातांकडे पाहिले, बोलल्या मात्र नाहीत. पुतण्याने लोणच्याची बरणी आमच्याकडे सरकविली. आमटी थंड झाली होती. ती पुन्हा तापवून आणावी लागली.