खाण तशी माती

बेंगळुरूजवळ होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका कारखान्यात नोकरीसाठी सांगलीहून आलेल्या कुटुंबात मुलीच्या वाढदिवसाला लॅब्रॅडॉरचे पिल्लू आले. जाहिरात पाहून वडिलांनी फोन केला. विक्रेत्याने पेट्रोलपंपापाशी बोलावले, गाडीतली टोपली पुढे केली आणि पैसे मोजून घेतले. "दीड महिन्याचं आहे, सगळी इंजेक्शनं झालीत," एवढेच तो बोलला.

चौथ्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले. उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली. पशुवैद्यांनी पार्व्होचे निदान केले. सलाइन लावूनही सहाव्या दिवशी ते गेले. सोबतच्या कार्डावर ना लसीचे लेबल होते, ना डॉक्टरांची सही. विक्रेत्याचा फोन लागेना.

मुलगी काही दिवस नीट जेवली नाही. वडिलांना मात्र वेगळेच सलत होते. कुकर घेताना त्यांनी चार दुकाने पालथी घातली होती. जिवंत प्राणी घरी आणताना एकही प्रश्न विचारला नव्हता.

पशुवैद्यांनी त्यांना समजावले, "लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात. बहुधा रोग तिथूनच आला. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी दीड वर्षाची होण्याआधी किंवा आठ वर्षांनंतर तिची वीण घ्यायची नाही. वर्षात एकदाच आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेळा. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येतीची हमी देत नाही. म्हणून स्वतः जाऊन बघा."

काही महिन्यांनी त्यांनीच सुचवलेल्या एका बाईंकडे सगळे गेले. आजीही हट्टाने सोबत आली. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असे लावलेले होते. जागा धुतलेली, पाण्याची भांडी भरलेली. आजीने पिल्लांकडे न बघता आधी विचारले, "यांची आई कुठंय?"

बाईंनी लगेच मादीला आणले. अंगाने भरलेली, शांत. ती सरळ येऊन आजीचा हात हुंगू लागली. "खाण तशी माती," आजी म्हणाली. बाईंनी मादीच्या कमरेच्या सांध्यांचे एक्स-रे दाखवले, कारण लॅब्रॅडॉरमध्ये हे दुखणे वंशातून येऊ शकते. मग त्यांनीच प्रश्न सुरू केले. दिवसभर घरी कोण असते? भाड्याच्या घरात मालकाची परवानगी आहे का? गावी जाताना कुत्र्याचे काय? आधी कुत्रा होता का?

वडिलांनी घडलेले सांगितले. बाई गंभीर झाल्या. "मग आत्ता पिल्लू देणार नाही. पार्व्होचा विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो. फरशी ब्लीचनं धुवा. याच्या लसी चार महिन्यांपर्यंत पूर्ण होतील, त्यानंतर या. आणि कधी सांभाळणं जमेनासं झालं, तर रस्त्यावर सोडू नका, माझ्याकडे परत आणा."

मुलीचे डोळे भरून आले. परतताना आई म्हणाली, "अहो, पैसे हातात होते, तरी त्यांनी घेतले नाहीत."

"म्हणूनच त्यांच्याकडेच यायचं," वडील म्हणाले.

दोन महिन्यांनी पिल्लू घरी आले. सोबत लसींचे सही-लेबल असलेले कार्ड होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. बाईच होत्या. "रात्री रडलं का हो?"

"थोडंसं," मुलगी म्हणाली. "मग आजीच्या पलंगाखाली झोपलं."