फ्रिजवरचा कागद

मराठी विभागात माझं नाव बघून आमच्या विंगमधल्या मुली हसणार, हे मला माहीत आहे. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे 'शेवटचा ष पोटफोड्या की शहामृगाचा' हा प्रश्न मला अजून पडतो. असो. चुका संपादकांनी पोटात घालाव्यात.

आम्ही सांगलीचे, गावभागातले. माझा जन्म २००५ च्या पुरातला. ही पुराबरोबर आली म्हणून हिच्या डोळ्याला एवढं पाणी, असं आजी म्हणते. पावसाळ्यात आमच्याकडे कुणी कुणाला "कसे आहात?" विचारत नाही, "आयर्विनला किती?" असं विचारतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. मी तेव्हा नववीत. सामान माळ्यावर चढवण्यात आम्ही एवढा वेळ घालवला, की शेवटी नावेतून बाहेर पडावं लागलं. इन्व्हर्टर जिन्याखाली होता, तो सगळ्यात आधी बुडाला. आजीच्या बीपीच्या गोळ्या स्वयंपाकघरातल्या फळीवरच राहिल्या. २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा बाबा म्हणाले, "बास झालं."

शेवटी २०२५ च्या मे महिन्यात आम्ही विश्रामबागला फ्लॅटमध्ये आलो. तिसरा मजला! "आता काय, काळजीच मिटली," असं प्रत्येक पाहुणा चहा पिताना म्हणून गेला. पण मी पडले इलेक्ट्रिकलची. सुट्टीत घराची तपासणीच काढली. डीबी उघडून ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबलं. ३० मिलीअँपियरची गळती झाली तरी ट्रिप व्हायला पाहिजे असं ते यंत्र, पण ते ढिम्म हललं नाही. म्हणजे गीझरचा करंट लागला असता तर माणूस गेला असता आणि हे महाशय बघत बसले असते. ते बदलून घेतलं. माझं इंजिनिअरिंग म्हणजे नुसत्या सबमिशन्स असं बाबांचं मत होतं, त्या दिवशी त्यांनी मला स्वतः चहा करून दिला.

मग मी सुटलेच. कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी, दाराशी टॉर्च, आणि एक मोठा तक्ता. गॅस गळतीला १९०६, अँब्युलन्सला १०८, बाकी सगळ्याला ११२, काय बंद करायचं, कुठल्या क्रमाने... कॉम्प्युटरवर टाईप करून, ठळक हेडिंग देऊन, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून फ्रिजवर लावला. मावशीने तीन अंगठे पाठवले.

सप्टेंबरमध्ये मशीन्स लॅब चालू होती. बाहेर आल्यावर बघते तर आजीचे पाच मिस्ड कॉल. (मोबाईल सायलेंट ठेवा, हा आपल्या लॅबचा नियम सरांना ठाऊक आहेच.) फोन लावला तर आजी शेजारच्या काकूंकडे बसलेली. घरात एकटी असताना गॅसचा वास आला. सिलेंडर ओट्याखाली, बंद कपाटात. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. तिने कपाट उघडलं तर भपकाराच आला. रेग्युलेटर बंद केला, बाल्कनी आणि पुढचं दार सताड उघडलं आणि अनवाणीच बाहेर पडली. अंधारून आलं होतं तरी दिव्याचं बटण दाबलं नाही. "पाण्यात घर असलं की खटक्याला हात लावत नाही ना, तसंच म्हटलं," म्हणाली.

माझे हातपाय गार पडले होते आणि त्यात मी काय बोलले? "अगं, फ्रिजवर सगळं लिहिलं होतं ना!"

"लिहिलंयस गं. उभी राहिले की त्याच्यासमोर. पण ते तुझ्या शाळेतलं आहे."

तक्ता इंग्लिशमध्ये होता. सगळाच्या सगळा! चार महिने माझ्या लक्षात आलं नाही, आणि घरात दिवसभर एकटी असते ती फक्त आजी. तिनेही कधी म्हटलं नाही. नातीने एवढ्या हौसेने केलंय म्हणून गप्प बसली असणार. आणि गळती कुठे होती? शेगडीच्या रबरी नळीला. जुन्या घरातली नळी नव्या ओट्याला दुमडून बसवली होती, तिच्यावर छापलेली मुदत केव्हाच संपलेली. मिलीअँपियर मोजणाऱ्या बाईंनी ती वाचली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत नवा कागद केला, हाताने, मराठीत. आजी सांगणार, मी लिहिणार. 'आपत्कालीन सूचना' असं शब्दकोशात बघून लिहिलं तर ती म्हणाली, "खोड ते. 'अडचण आली तर' लिही." एमसीबीचा झाला खटका. मला न सुचलेलं तिनेच घातलं. पावसाळाभर दोन कळश्या पिण्याचं पाणी भरलेलं पाहिजे, कारण २०१९ ला चहूकडे पाणी आणि प्यायला घोट नाही. आठ दिवसांच्या गोळ्या दाराजवळच्या पिशवीत. जादा किल्ली काकूंकडे.

नंबर लिहायची वेळ आली तेव्हा मी सवयीने माझा पहिला लिहायला घेतला. आजीने पेन धरलं. "तू हॉस्टेलवर. तिथून काय करणार आहेस?" पहिला काकूंचा लिहिला, मग बाबांच्या दुकानाचा. माझा सगळ्यात खाली आहे. त्याच्यापुढे आजीने मुद्दाम लिहायला लावलंय : 'जेवली का ते विचारायला.'