जेवणाबरोबरची कॅप्सूल

माझं माहेर ग्वाल्हेरचं. लष्करातल्या पाटणकर बाजारात आमचं घर. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. लग्न होऊन मी बेळगावला आले आणि शाळेत जीवशास्त्र शिकवू लागले. 1997 च्या थंडीत अण्णांच्या आजारपणाचा फोन आला, तशी निघाले.

अण्णा पोटाशी उशी धरून पुढे वाकून बसले होते. वरच्या पोटातली कळ पाठीत निघत होती. रक्तातलं अमायलेज वाढलेलं, सोनोग्राफीत स्वादुपिंडात खडे. डॉक्टरांनी विचारलं, "कितने साल से पीते हैं?" उभ्या जन्मात एकादशी न मोडलेल्या माणसाला हा प्रश्न! दारू हे या दुखण्याचं एक मोठं कारण, तेव्हा विचारण्यात चूक नव्हती. पण अण्णा "कभी नहीं" म्हणाल्यावर डॉक्टर हसले. ते हसू अण्णांनी कळेपेक्षा जास्त मनाला लावून घेतलं. बरे झाल्यावरही बाजारात भाजीला जाईनात.

मी वर्गात शिकवत होतेच. प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन स्वादुपिंड कुलूप घालून आतड्यात पाठवतं. कुलूप उघडायचं ते तिथे. ते आतच उघडलं, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. हान्स कियारी यांनी हे 1896 सालीच मांडलं होतं. बरोबर शंभर वर्षांनी, 1996 मध्ये, पिढ्यान्‌पिढ्या हे दुखणं असलेल्या घराण्यांत ट्रिप्सिनच्याच जनुकात दोष सापडला. 2000 साली ट्रिप्सिनला लगाम घालणाऱ्या 'स्पिंक-1' या जनुकातला दोष कळला, आणि पुढे दारूला न शिवलेल्या अनेक भारतीय रुग्णांतही तो आढळला. अण्णांची ती तपासणी कधी झाली नाही. तरी मी हे पत्रातून कळवलं, तेव्हा त्यांनी ते पत्र म्हणे अर्ध्या गल्लीला वाचून दाखवलं!

पण ते नंतरचं. त्याआधी वर्षभरात अण्णा निम्मे झाले होते. ग्रंथी झिजली, रस आटले. शौचाला तेलकट होऊ लागलं. तूप बंद, तळण बंद. मग दुसऱ्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिली. ज्या रसांनी आतून जाळलं, तेच आता तोंडाने घ्यायचे. जठरातल्या आम्लात ते नासू नयेत म्हणून आतल्या बारीक दाण्यांना आवरण असतं. ती रिकाम्या पोटी घेऊन उपयोग नाही, घासाबरोबरच घ्यायची. कळ तिने थांबेलच असं नाही, पण अन्न अंगी लागतं. अण्णांचं वजन वाढू लागलं.

मला एक ठाऊक होतं आणि मी दोन महिने गप्प होते. ही औषधी पूड डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बोलू नकोस. जगू दे त्यांना." मला ते जमलं नाही. दिवाळीला गेले तेव्हा सांगून टाकलं.

"डुकराचं?" एवढंच म्हणाले. रात्री जेवले नाहीत. आई माझ्याशी बोलेना.

दुसऱ्या दिवशी पान वाढलं. अण्णांनी चित्राहुती घातल्या, आपोष्णी घेतली. कॅप्सूल पानाबाहेर, पाटाच्या कडेला ठेवली होती. पहिल्या घासाबरोबर ती उचलून गिळली, आणि आईकडे न बघता म्हणाले, "वरणावर तूप घाल."