नव्याण्णवावा ठोका

आजोबांचा तेलाचा घाणा होता, वडील रेल्वेत होते, मी नर्स झाले. कोणी विचारले तर एका शब्दात उत्तर संपत असे. धाकट्या बहिणीची मुलगी काय करते, असे कोणी विचारले की मात्र माझी पंचाईत होई. "कॉम्प्युटरमध्ये आहे," एवढे म्हणून मी चहा पुढे करी.

इंटेल कंपनीने १९७४ साली हैफा येथे अमेरिकेबाहेरचे आपले पहिले विकास-केंद्र काढले. पुढे या देशात चिपचे काम करणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या पुष्कळ निघाल्या. भाची अशाच एका लहान कंपनीत आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. ती चिप बनवीत नाही. बनलेली चिप तपासता कशी येईल, हे ती चिप बनण्याच्या आधी ठरवते. परदेशातल्या कारखान्यातून त्यांची नवी चिप आली आणि पहिल्याच तपासणीत नापास झाली, तेव्हा बाई चार दिवस माझ्याकडे येऊन राहिली. जेवणात लक्ष नाही, रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा.

"काय झालं ते मला सांग," मी म्हटले.

"मावशी, तुला नाही कळायचं."

"रात्रपाळ्या करण्यात जन्म गेला माझा. रात्री दोनला मला सगळं कळतं."

तिने सांगितले ते मी माझ्या कोकणातल्या शाळेच्या हिशेबाने समजून घेतले. वाचकांनाही तसेच सांगते.

चिपच्या पोटात एकेक अंक लक्षात ठेवणारी असंख्य घरे असतात. त्यांना फ्लिप-फ्लॉप म्हणतात. प्रत्येकापर्यंत बाहेरून तार नेणे अशक्य. म्हणून तपासणीपुरती ती सगळी एका माळेत ओवतात. ही स्कॅन चेन. समजा, शंभर मुले ओळीने बसली आहेत आणि प्रत्येकाच्या पाटीवर ० किंवा १ आहे. घंटा झाली की प्रत्येकाने डाव्या शेजाऱ्याच्या पाटीवरचा अंक आपल्या पाटीवर घ्यायचा. पहिल्या मुलाला गुरुजी नवा अंक सांगतात. शंभर घंटांत शंभर अंक आत जातात. मग एक घंटा खऱ्या कामाची: चिपने आपले गणित करून उत्तरे पाट्यांवर लिहायची. नंतर पुन्हा घंटा वाजवीत ती उत्तरे शेवटच्या पाटीवरून एकेक बाहेर काढायची आणि ताळा पाहायचा.

आता ओळीतल्या एका मुलाला घंटा किंचित उशिरा ऐकू आली असे धरा. तेवढ्यात शेजाऱ्याने जुना अंक पुसून नवा लिहिलासुद्धा! हा मुलगा नवाच अंक उतरवतो. एका घंटेत त्या अंकाने दोन पाट्या ओलांडल्या. शंभराव्या ठोक्याला शेवटी पोचायचा तो नव्याण्णवाव्याला पोचला. पुढच्या सगळ्या पाट्यांवर चुकीच्या जागी चुकीचे अंक, आणि उत्तरे बाहेर काढताना एक अंक वाटेतच गळाला. म्हणजे बिचारी चिप आतून धडधाकट असली तरी नापास.

चिपमधली घंटा म्हणजे क्लॉक. तिच्या तारा फांद्यांसारख्या पसरतात, आणि सगळ्या फांद्यांना ठोका एकदम पोचतोच असे नाही. अमेरिकन नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर बाई व्याख्यानात सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटत. प्रकाश एका नॅनोसेकंदात तेवढेच अंतर जातो. भाचीचे भांडण त्याच्याही शंभराव्या हिश्शाशी होते. तेवढा काळ प्रकाशाला तीन मिलिमीटर जायलाच पुरतो.

मला वाटले, उपाय सोपा आहे; घंटा सावकाश वाजवा. ती हसली, चार दिवसांत प्रथमच. नेहमीच्या कामात अंक उशिरा पोचला तर घंटा सावकाश वाजवून भागते. अशी चिप कमी वेगाची म्हणून विकतासुद्धा येते. तपासणीत घंटा मुळातच सावकाश असते, कारण सगळी घरे एकदम हलली की वीज फार खाल्ली जाते आणि चिप तापते. म्हणून नवशिके समजतात, इथे वेळेची चिंता नको. पण तपासणीच्या वाटेवर दोन पाट्यांमध्ये गणित काहीच नसते, नुसता तारेचा तुकडा, त्यामुळे अंक फार लवकर पोचतो. हा लवकर पोचण्याचा दोष. घंटा तासातून एकदा वाजवली तरी तो तसाच राहतो, कारण भानगड दोन घंटांच्या मधल्या वेळेत नसून एकच घंटा दोघांनी वेगवेगळ्या क्षणी ऐकण्यात आहे.

हे ऐकताच मला आमचा वॉर्ड आठवला. एका रुग्णालयात (कोणत्या ते सोडा) पाळी संपवून निघालेल्या बाईंनी नव्या पाळीने उतरवून घेण्याआधीच फळा पुसून नवीन नावे लिहिली होती. खाटा त्याच, रोगी बदललेले. ताप मोजताना कोणाच्या तरी लक्षात आले म्हणून निभावले. त्यानंतर तिथे नियम झाला की उतरवून घेणारीने "झाले" म्हटल्याशिवाय फळ्याला हात लावायचा नाही.

चिपमध्ये "झाले" म्हणणारे कोणी नसते, म्हणून मध्ये एक राखणदार बसवतात. त्याचे नाव लॉकअप लॅच. घंटा झाली तरी हा गडी अर्ध्या अवधीपर्यंत जुना अंक धरून बसतो. उरलेल्या अर्ध्यात शेजाऱ्याचा नवा अंक पाहून पुढे करतो. त्याने चालायचे मात्र अंक देणाऱ्याच्या घंटेवर. माळ एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाते तिथे तो हवाच. दुसरा उपाय बसण्याच्या क्रमाचा: ज्याला घंटा उशिरा ऐकू येते त्याला देणारा करा, लवकर ऐकू येते त्याला घेणारा. तिसरा म्हणजे तारेला मुद्दाम वळसा घालून अंकाला रखडवणे. पण असे वळसे हजारो ठिकाणी घातले तर जागा आणि वीज दोन्ही जाते.

आयबीएमच्या आयशेलबर्गर आणि विल्यम्स यांनी १९७७ साली मांडलेली एलएसएसडी ही पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटली. तीत घंटाच दोन. एकीवर घ्यायचे, दुसरीवर पुढे द्यायचे, आणि दोन्ही एकदम कधी वाजू द्यायच्या नाहीत. घेणे-देणे एकाच वेळी होत नसल्यामुळे धांदलीला जागाच उरत नाही. भाची म्हणाली, ती महाग पडते, जागा जास्त लागते. असेल. रुग्णालयातही चांगल्या रीती जास्त माणसे मागतात, आणि तिथेही हेच उत्तर मिळते.

ही चिप सलाइनमधून थेंबाथेंबाने औषध सोडणाऱ्या पंपासाठी होती. असे पंप मी पुष्कळ लावले आहेत. आकडा दिसला की त्यावर विश्वास ठेवायचा, दुसरा मार्ग नसतो. म्हणून मी तिला विचारले, "चिप तपासणारी वाट खरी आहे, हे कोण तपासतं?"

त्याचीही रीत आहे. इतर काही करण्याआधी माळेतून ००११००११ असे अंक पाठवून पाहतात. शून्यानंतर शून्य, शून्यानंतर एक, एकानंतर एक, एकानंतर शून्य, चारही पालट त्यात येतात. ते ठरल्या ठोक्याला जसेच्या तसे बाहेर आले पाहिजेत. तिच्या चिपमध्ये ते एक ठोका आधी आले होते. कागदावरच्या हिशेबात ही जागा सुटली होती, कारण तिथल्या दोन फांद्या एकमेकींशी कधी बोलतच नाहीत असे धरले होते. खऱ्या कामात त्या बोलत नाहीत. तपासणीच्या माळेत बोलतात.

ती हैफाला परतली. माळेतला प्रत्येक सांधा पुन्हा तपासला, थंड चिप, तापलेली चिप, विजेचा दाब कमी, दाब जास्त, अशा सर्व परिस्थितींत. अकरा ठिकाणी राखणदार बसले. चिप पुन्हा घडवायला महिने गेले आणि पैसा किती गेला ते तिने सांगितले नाही. दुसरी खेप आली त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"मावशी, शंभराव्याला आला."

मी विचारले, जेवलीस का. नव्हती जेवली.