पिल्लाचे दांत आणि घराची शिस्त

कुत्रा पाळण्याविषयीं आपल्या समाजांत दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. सोवळ्याओवळ्याच्या घरांत हें जनावर नकोच, असें एक मत. आणि कुत्रा म्हणजे घरचें मूलच, हें दुसरें. हीं दोन्ही मतें बाळगणारीं माणसें एकाच छपराखालीं नांदत असलीं म्हणजे काय होतें, याचा अनुभव आमच्या पालघरच्या एकत्र कुटुंबास गेल्या दीड वर्षांत भरपूर मिळाला. त्यांतून जें हातीं लागलें तें इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

आमच्या घरांत लहानथोर मिळून दहा माणसें. धाकटे बंधु तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस असून रोज बोईसरपर्यंत आगगाडीनें जातात. एका पावसाळी संध्याकाळीं बोईसर स्थानकाबाहेर कुडकुडत बसलेलें दोन महिन्यांचें एक पिल्लूं त्यांनीं पिशवींत घालून घरीं आणलें. त्याची आई आदल्या दिवशीं मालमोटारीखालीं सांपडली होती. मुलांनीं त्याचें नांव मोत्या ठेविलें. पहिला महिना कौतुकांत गेला. पुढें चौथा महिना लागला आणि कौतुकाला दांत फुटले! वडील चुलत्यांच्या कोल्हापुरी वहाणेचा अंगठा, पुतणीच्या शाळेच्या बुटांच्या नाड्या, चार्जरची तार, ओटीवरच्या सतरंजीची झालर, जेवणाच्या पाटाचा कोपरा, असा एकेका वस्तूचा बळी पडूं लागला. वहाणा व सतरंज्या पुन्हां आणतां येतात. परंतु एके दिवशीं सकाळीं मातोश्रींच्या श्रवणयंत्राचा त्यानें चोथा केला.

त्या यंत्राची किंमत कित्येक हजारांची होती, पण खरें नुकसान त्याहून मोठें होतें. नवें यंत्र येईपर्यंत तीन आठवडे मातोश्रींना नातवंडांचे शब्द ऐकूं येत नव्हते. जेवतांना सगळीं हंसलीं कीं त्या एकेकाच्या तोंडाकडे पाहत व उगीचच हंसत. यंत्रांतील इवलीशी बॅटरी मोत्यानें गिळली असावी, या भीतीनें अर्धा दिवस गेला. ती शेवटीं खाटेखालीं सांपडली. त्या रात्रीं घरांत सभाच भरली. चुलते म्हणाले, "बोईसरहून आणलें आहे, तर उद्यां बोईसरलाच सोडून या." थोरल्या पुतण्याचें म्हणणें पडलें कीं, चावलेलें यंत्र नाकासमोर धरून दोन छड्या लगावल्या म्हणजे पुन्हां वाटेस जाणार नाहीं.

यावर ज्यांचें नुकसान झालें त्या मातोश्रींनींच तोंड उघडलें. महाभारताच्या आदिपर्वांत सरमेची कथा आहे. जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र करीत असतां सरमा या देवशुनीचा मुलगा तेथें आला. जनमेजयाच्या भावांनीं त्याला बडविलें. तो रडत आईकडे गेला व म्हणाला कीं, मीं हविष्याकडे पाहिलें नाहीं कीं तें चाटलें नाहीं. सरमेनें भर सत्रांत जाऊन मारण्याचें कारण विचारलें. राजाच्या मंडळींपाशीं उत्तर नव्हतें. तेव्हां, तुम्हांवर न दिसणारें भय येईल, असा शाप देऊन ती गेली. नातू म्हणाला, "पण आजी, त्यानें चाटलें नव्हतें, ह्यानें तर खाल्लें!" मातोश्रींना तें लिहून दाखवावें लागलें. वाचून त्या म्हणाल्या, "खाल्लें सकाळीं, आणि तूं मारणार रात्रीं. सकाळचें पाप रात्रीं आठवायला तो काय माणूस आहे? त्याच्या लेखीं तो आतां निरपराधीच."

मातोश्रींनीं सहज काढलेल्या या उद्गाराला आधुनिक प्रयोगाचाही आधार आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन विदुषीनें २००९ सालीं १४ कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊ समोर ठेवून, खाऊं नको असें बजावून धनी खोलीबाहेर जाई. परत आल्यावर कुत्र्यानें आज्ञा मोडली कीं पाळली हें त्यास सांगण्यांत येई. पण तें प्रत्येक वेळीं खरेंच असे असें नाहीं. कान पाडणें, नजर चुकविणें, शेपूट पायांत घालणें या ज्या खुणांना आपण अपराधाची कबुली समजतों, त्या खुणांचा अपराधाशीं संबंध आढळला नाहीं. धनी रागावला कीं त्या दिसत. किंबहुना, कांहींही न खातां बोलणीं बसलेल्या कुत्र्यांत त्या अधिक ठळक दिसल्या. आमच्या घरींही असेंच एक प्रत्यंतर आलें. पुतणीनें स्वतःच जुनी वही फाडून कपटे जमिनीवर टाकले होते, तेवढ्यांत चुलते "हें काय?" म्हणून गरजले, आणि कोपऱ्यांत निजलेला मोत्या उठून चोरासारखा भिंतीला चिकटला. तेव्हांपासून "पाहा, त्याला सगळें कळतें!" हें वाक्य आमच्या घरांत कोणी उच्चारीत नाहीं.

सोडून देण्याची सूचनाही टिकली नाहीं. उपासमार होईल अशा स्थितींत पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणें हा १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यान्वयें अपराध आहे. आणि कायदा नसता, तरी ज्या रस्त्यावर त्याची आई गेली तेथेंच त्याला नेऊन सोडण्यास बंधूंचा हात धजला नसता.

मग उपाय काय? धाकट्या भावजयीनें तो शास्त्रशुद्ध रीतीनें शोधला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिनें आठ दिवस टिपण ठेविलें: काय चावलें, किती वाजतां, आणि त्या वेळीं जवळ कोण होतें. त्यावरून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. मोत्याचा हल्ला बहुधा दुपारीं, मंडळी निजलेलीं असतांना, किंवा दिवेलागणीस, मुलें धुडगूस घालूं लागलीं कीं होई. चावलेली वस्तु बहुतेक अशी असे कीं जिला माणसाच्या अंगाचा वास लागलेला आहे. आणि प्रत्येक वस्तु त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवलेली होती.

वासाची व उंचीची गोष्ट आपल्या हातची. दांतांची मात्र निसर्गाची. कुत्र्याच्या पिल्लास दुधाचे २८ दांत असतात. साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडूं लागतात व सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागीं ४२ कायमचे दांत येतात. त्या काळांत हिरड्या शिवशिवतात आणि चावल्यानें बरें वाटतें. तान्ह्या मुलानें बोट चावलें तर आपण त्याच्या हातीं चोखणी देतों. पिल्लासही तसेंच कांहीं दिलें पाहिजे. आम्ही ओलें करून पीळ दिलेलें जाड फडकें बर्फाच्या कप्प्यांत गोठवून देऊं लागलों. थंडगार गाजरही त्याला फार आवडलें. अशा वेळीं जवळ बसून लक्ष मात्र ठेवावें लागतें. शिजविलेलें हाडूक कधींही देऊं नये. त्याच्या कपच्या होऊन आंतडें फाटण्याचा संभव असतो. जुनी वहाण खेळावयास देणें हाही वेडेपणाच. जुनी कोणती व नवी कोणती, हें कुत्र्यानें कशावरून ओळखावें?

त्यानें एखादी वस्तु उचलली तर मागें धांवूं नये. त्याला तो शिवाशिवीचा खेळ वाटतो. त्याच्या आवडीचा खाऊ पुढें करावा, वस्तु सुटतांच शाबासकी द्यावी व खाऊ द्यावा. सुटण्याचा शब्द मात्र एकच हवा. आमच्याकडे चुलते "टाक" म्हणत, मातोश्री "सोड" म्हणत, मुलें "ड्रॉप" म्हणत, आणि भावजय नुसतेंच "शी!" म्हणे. चार भाषांत आज्ञा ऐकून तें बापडें कोणाचीच पाळीत नसे. शेवटीं "सोड" हा शब्द सर्वानुमतें ठरला व पंधरा दिवसांत मोत्याला तो कळूं लागला. त्याबरोबर त्याच्या विश्रांतीचीही सोय केली. एवढ्या वयाच्या पिल्लाला दिवसरात्र मिळून सोळा-अठरा तास झोंप लागते. ती मोडली कीं तें मुलासारखेंच किरकिरें होतें व अधिक चावतें. म्हणून दुपारीं त्याची जागा निराळी व शांत केली, आणि सकाळ-संध्याकाळ फिरावयास नेण्याच्या पाळ्या लावल्या.

कांहीं वस्तूंच्या बाबतींत प्रश्न नुकसानीचा राहत नसून जिवाचा असतो. विजेच्या तारा, माणसांचीं औषधें, उंदरांचें विष, ट्रंकेंतल्या डांबराच्या गोळ्या, देवपूजेच्या परडींतलीं कण्हेरीचीं फुलें, प्रसादांतले बेदाणे, कांदा व चॉकलेट हें सर्व कुत्र्यास घातक आहे. आमच्या भागांत आणखी दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. घोलवड-डहाणूकडच्या चिकूच्या बीला टोंकाशीं आंकडा असतो, तो घशांत अडकूं शकतो. आणि सातपाटीच्या किनाऱ्यावर फिरावयास नेल्यास जाळ्यांचे तुकडे व गळ वाळूंत पडलेले असतात. तसेंच, पिल्लाचे दांत खेळतां खेळतां मुलांच्या हातांस लागतात, तें हंसण्यावारीं नेऊं नये. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचा दांत लागून रक्त आल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. पिल्लास तीन महिन्यांच्या सुमारास पिसाळरोगाची लस टोंचून घ्यावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती चालू ठेवावी.

हे उपाय सर्वांस सारखे साधतील असें मात्र नाहीं. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें, पुढें औद्योगिक वसाहत वाढली, २०१३ सालीं मुंबईच्या उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत येऊं लागल्या, आणि २०१४ सालीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या काळांत बोईसरला दोन खोल्यांचे संसार पुष्कळ वाढले. पतिपत्नी सकाळीं कुलूप लावून बाहेर पडतात तीं रात्रीं परततात. अशा घरांत कोंडलेलें पिल्लूं दार कुरतडूं लागलें, तर त्याला खोडकर म्हणण्यापेक्षां एकाकी म्हणणें योग्य. त्याला शिकविणार कोण, आणि केव्हां? त्या मंडळींनीं पिल्लूं आणण्याचा विचार कांहीं वर्षें पुढें ढकलावा, हेंच त्याच्यावर खरें प्रेम.

एकत्र कुटुंबाची गोष्ट नेमकी उलट. तेथें दुपारीं कोणी ना कोणी घरीं असतेंच, हा मोठा लाभ. पण तेथें एका कुत्र्यास दहा धनी असतात, ही तितकीच मोठी अडचण. एकानें पंगतींतून घांस टाकावा, दुसऱ्यानें त्याचसाठीं रागवावें, तिसऱ्यानें दोघांवर रागवावें, अशा घरांत मुलेंसुद्धां वळणावर येत नाहींत; मग मुक्या जनावराची कथा काय? आमच्या घरीं मोत्यास एक शब्द शिकविण्यासाठीं आधीं दहा माणसांना एका शब्दावर यावें लागलें. वहाणा कपाटांत गेल्या, चार्जर उंच खुंटीवर गेले, मातोश्रींच्या नव्या यंत्रासाठीं झांकणाची पितळी डबी आली. पुतणीचे बूट आतां रोज जागच्या जागीं सांपडतात, हा फायदा तर हिशेबांत धरलाच नव्हता.

कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वांकडेंच, अशी आपल्याकडे म्हण आहे. शेंपटाविषयीं ती खरी असेल. दांतांविषयीं खरी नाहीं. मोत्यानें गेल्या आठ महिन्यांत घरची एकही वस्तु चावलेली नाहीं. ज्या घरांत पिल्लूं आणण्याचें घाटत असेल त्या घरच्या वडील मंडळींनीं सर्वांस एकदां एकत्र बसवावें आणि दुपारीं त्याच्याजवळ कोण राहणार, आज्ञेचा शब्द कोणता, आणि राग आला तरी हात न उचलण्याचें सर्वांस कबूल आहे कीं नाहीं, एवढें आधीं ठरवून घ्यावें. हें ठरलें तर पिल्लूं खुशाल आणावें. न ठरेल, तर मुलांचें मन मोडलें तरी चालेल. पण मुक्या जिवाला आणून मग त्याच्यावर चिडूं नये, एवढीच विनंति.